जेवणघर ८५० मीटरवर: दोन लहान मुलांसह बेटावरच्या मोठ्या रिसॉर्टमधल्या पाच रात्री

आई, बाबा, ५ वर्षांची मुलगी आणि १८ महिन्यांचा मुलगा. मुलीला पोहता येत नाही. मुलगा दुपारी एकदा दोन तास झोपतो आणि संध्याकाळी सातच्या पुढे जागा राहू शकत नाही. मुक्काम ५ रात्रींचा, उष्ण कटिबंधातल्या प्रवाळबेटावरच्या मोठ्या रिसॉर्टमध्ये. बेटाची लांबी सुमारे १.८ किलोमीटर. मुख्य जेवणघर, पोहण्याचा मोठा तलाव (पूल) आणि रिसेप्शन मध्यावर, पाण्यावरचे व्हिला एका टोकाला, दवाखाना दुसऱ्या टोकाजवळ. कुटुंब आणि बेट दोन्ही नमुन्यादाखल घेतली आहेत आणि अंतरं व वेळा हिशेबासाठी धरल्या आहेत. तुमच्या रिसॉर्टचा नकाशा हातात घेऊन हाच हिशेब पुन्हा मांडता यावा, हा हेतू.

लहान मुलांसह बेटावर जाणारे पालक समुद्राची भीती बाळगतात, आणि ती रास्तच आहे. पण मोठ्या रिसॉर्टमध्ये मुक्काम बिघडायला सुरुवात होते ती अंतरापासून. खोली ते जेवण, जेवण ते पूल, पूल ते खोली या फेऱ्यांत मुलाची झोप चुकते आणि जेवण लांबतं. मोठ्यांचे हात बाबागाडी, टॉवेल, पिशव्यांत गुंततात. ऊन लागणं, पोट बिघडणं, पाण्याकाठी डोळा चुकणं हे सगळं त्यानंतर घडतं. या प्रकरणात नेमकं तेच झालं.

खोली कुठे आहे

बुकिंग झालं ते पाण्यावरच्या व्हिलाचं, पाण्यावरून जाणाऱ्या लाकडी वाटेच्या शेवटच्या टोकाचं. तिथून मुख्य जेवणघर ८५० मीटर आणि मुलांचा पूल ६०० मीटर. वाळू मिसळलेल्या वाटेवर मुलाला बसवलेली बाबागाडी ढकलत मोठा माणूस मिनिटाला सुमारे ५० मीटर जातो. म्हणजे जेवणघराला १७ मिनिटं, पुलाला १२. तीन जेवणांच्या सहा फेऱ्यांना १०२ मिनिटं आणि दिवसातून दोनदा पुलावर जाण्या-येण्याला ४८. एकूण अडीच तास. दीड वर्षाचं मूल दिवसातले तेरा-एक तास झोपतं, म्हणजे जागं राहतं ते अकरा तास. त्यातला जवळजवळ चौथा हिस्सा नुसत्या ये-जा करण्यात गेला.

पाहुण्यांना ने-आण करणारी रिसॉर्टची छोटी गाडी, बग्गी, असते, पण तिच्यावर दिवस आखता येत नाही. जेवणाच्या वेळी सगळ्यांनाच ती हवी असते, त्यामुळे पंधरा-वीस मिनिटं थांबणं सहज होतं. शिवाय बहुतेक बग्ग्यांना बाजूला दार नसतं आणि लहान मुलाची सीटही नसते. मुलाला आतल्या बाजूच्या मोठ्या माणसाच्या मांडीवर, दोन्ही हातांच्या विळख्यात बसवावं लागतं. बाबागाडी घडी करून मागे टाकायची तर ती एका हाताने मिटणारी हवी. मऊ वाळूत छोटी दुहेरी चाकं रुततात. मोठ्या चाकांची साधी, हलकी गाडी बरी.

पाण्यावरच्या व्हिलाची दुसरी अडचण अंतरापेक्षा गंभीर आहे. डेकला बऱ्याचदा पूर्ण कठडा नसतो आणि पायऱ्या थेट समुद्रात उतरतात. म्हणून कित्येक रिसॉर्ट ठरावीक वयाखालच्या मुलांना असे व्हिला देत नाहीत, किंवा ‘जबाबदारी पालकांची’ अशा कागदावर सही घेऊन देतात. त्या सहीने मुलाचं काहीच रक्षण होत नाही. १८ महिन्यांच्या मुलाला काचेचं सरकतं दार ढकलता येतं, आणि खोलीतला माणूस न्हाणीघरात असताना डेकपर्यंत पोचायला त्याला दहा सेकंद पुरतात. आमचं मत स्पष्ट आहे: चालू लागलेलं, पण पोहता न येणारं मूल सोबत असेल तर पाण्यावरचा व्हिला घेऊ नये. ज्या किनाऱ्यावरच्या व्हिलाच्या अंगणात उघडा छोटा पूल आहे, तोही त्याच गटातला. अशा पुलाला चारही बाजूंनी किमान १.२ मीटर उंच, आपोआप मिटणाऱ्या फाटकाचं कुंपण असेल तरच विचार करावा, आणि रिसॉर्टमध्ये असं कुंपण क्वचितच दिसतं.

बुकिंग करताना खोलीचा प्रकार विचारून भागत नाही. ‘फॅमिली बीच व्हिला’ या एकाच नावाखाली जेवणघराच्या शेजारची खोलीही येते आणि किलोमीटरभर लांबचीही. रिसॉर्टकडून खोल्यांचे क्रमांक असलेला नकाशा मागवावा आणि लेखी विनंती करावी: तळमजला, जेवणघरापासून २०० मीटरच्या आत, समोर उघडा पूल नाही, पाळणा आधीच लावलेला. रात्री गाणी-बजावणी कुठे चालते तेही त्याच नकाशावर विचारून घ्यावं. जेवणघराजवळची खोली बारच्या पाठीमागे निघाली तर सगळा फायदा पाण्यात जातो. ही विनंती पोचण्याच्या तीन दिवस आधी पुन्हा एकदा पाठवावी, कारण खोल्यांचं वाटप साधारण त्याच सुमारास पक्कं होतं.

बेटाचं घड्याळ

विमान विमानतळाच्या घड्याळाप्रमाणे ३.४० ला उतरलं. सामान आणि बोटीची वाट यात तास गेला, स्पीडबोटीत ५० मिनिटं. जेट्टीवर पाय ठेवला तेव्हा आईच्या घड्याळात साडेपाच वाजले होते आणि रिसेप्शनच्या भिंतीवर साडेसहा. काही बेटांवरची रिसॉर्टं आपलं घड्याळ मुद्दाम तासभर पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळावा म्हणून. मालदीवमध्ये ही पद्धत सर्रास दिसते. कागदपत्रं उरकून खोलीत जायला सव्वासात झाले. बुफे सातला उघडणार होता. मुलगा बाबागाडीत झोपला होता. त्याला उठवून १७ मिनिटं ढकलत नेलं, त्याने दोन घासही खाल्ले नाहीत आणि मग रात्री दहापर्यंत झोपला नाही.

यातलं जवळजवळ सगळं टाळता येण्यासारखं होतं. पासपोर्टच्या प्रती आणि नोंदणीचा फॉर्म आधी ईमेलने पाठवला की पोचल्यावरची अर्धी कागदपत्रं कमी होतात. पहिल्या रात्रीचं मुलांचं जेवण खोलीत हवं, असं दोन दिवस आधी कळवून ठेवावं: साधा भात, उकडलेलं अंडं, केळं, दही असलं काहीही चालतं. सामान दुसऱ्या गाडीने येतं, कधीकधी पाऊण तासाने. म्हणून रात्रीचे कपडे, चार डायपर, औषधं, दुधाची बाटली आणि मुलगा जे घेऊन झोपतो ते पांघरूण हातातल्या पिशवीत हवं.

ज्यांना पुढचा प्रवास सीप्लेनने करायचा आहे त्यांनी आणखी एक पाहावं. मालदीवमध्ये ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. दुपार कलल्यावर उतरणाऱ्यांना एक रात्र विमानतळाजवळ काढावी लागू शकते, आणि लहान मुलांसह ती आधीच ठरवून काढलेली बरी. सीप्लेनच्या आत आवाज मोठा असतो, तिथे मुलांच्या मापाचे कान झाकणारे मफ उपयोगी पडतात.

बोटीबद्दल थोडं. मुलाच्या वजनाचं लाइफजॅकेट बोटीत असेल असं गृहीत धरू नये, आधी वजन कळवून विचारावं. जॅकेटला दोन पायांमधून जाणारा पट्टा हवा. घातल्यावर खांद्यांपाशी धरून वर ओढलं आणि ते हनुवटीच्या वर सरकलं, तर ते मोठं आहे. मुलाला अंगाला बांधायच्या झोळीत ठेवून बोटीत बसू नये, पाण्यात पडल्यास दोघेही अडकतात. मागची जागा घ्यावी, तिथे आदळआपट कमी असते. बोट लागण्याचा त्रास २ ते १२ या वयात जास्त होतो, म्हणजे इथे काळजी मुलीची. तिला खिडकीबाहेर दूरच्या क्षितिजाकडे बघायला सांगावं, हातात फोन किंवा टॅब देऊ नये.

दुसरा दिवस

सगळं बिघडलं ते या दिवशी, म्हणून तो क्रमाने पाहू.

उशिरा झोपलेली मुलं उशिरा उठली. नाश्ता ८.३०, पूल ९.४५. सनस्क्रीन खोलीतून निघताना एकदा लावलं. पुलावर जवळजवळ तीन तास गेले, १२.४० पर्यंत. १.१५ ला जेवायला निघताना मुलगा बाबागाडीत पेंगला. ऊन लागू नये म्हणून गाडीवर पातळ कापड टाकलं. जेवणघराच्या आवाजाने तो २५ मिनिटांत उठला आणि दुपारची झोप तिथेच संपली. चारला समुद्रावर गेले तर ओहोटी होती: घोट्याइतकं कोमट पाणी, तळाला प्रवाळाचे तुकडे. मुलीचा तळपाय खरचटला. संध्याकाळी मुलाचे खांदे लाल, अंग ३८.२ अंश सेल्सिअस, आणि रात्री दोनदा पातळ शी.

एक घटना या क्रमात मुद्दाम घातली नाही, कारण ती वेगळी पाहायला हवी. ११.२० ला बाबा टॉवेल आणायला गेले. आई मुलीच्या पाठीला क्रीम चोळत होती. मुलगा पुलाच्या दोन पायऱ्या उतरून छातीभर पाण्यात गेला, तिसऱ्या पायरीवर घसरला आणि पाण्याखाली गेला. शेजारच्या पाहुणीने त्याला उचललं. त्याचा एकही आवाज झाला नव्हता. बुडणारं लहान मूल ओरडत नाही, हातही हलवत नाही. तोंड पाण्याखाली असल्यामुळे त्याला ओरडता येतच नाही. तिथे चौघं-पाच मोठी माणसं होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की दुसऱ्याचं लक्ष आहे.

टॉवेल आणायला जाताना बाबांनी ‘तू बघ’ असं म्हटलं नव्हतं. पाण्याकाठी राखणदारी बोलून सोपवायची असते: ‘आता माझी पाळी’ आणि ‘घेतली’. पाळी १५ ते २० मिनिटांची असावी, त्यापुढे लक्ष विरळ होतं. ज्याची पाळी आहे त्याच्या हातात फोन, पुस्तक, पेय काहीही नको. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडिअॅट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना लहान मुलांसाठी हाताच्या अंतरावरची देखरेख सांगते, म्हणजे पाळीवाल्याने पाण्यात उतरून मुलाला हात लागेल इतकं जवळ असायचं. काठावरच्या खुर्चीतून नजर ठेवणं या वयाला पुरत नाही. दंडाला लावायचे फुगे आणि फुगवलेली कडी खेळणी आहेत. त्यांच्यामुळे मुलाला वाटतं की आपण तरंगतो, आणि ती काढल्यावरही ते त्याच विश्वासाने पाण्यात उडी मारतं. पोहण्याच्या कपड्यांचा रंग गडद नारिंगी किंवा झगझगीत पिवळा-हिरवा घ्यावा. पांढरा आणि फिकट निळा पुलाच्या तळाशी दिसेनासा होतो.

पाण्याखालून काढलेल्या मुलाला सतत खोकला, धाप, उलट्या किंवा अस्वाभाविक गुंगी जाणवली तर थेट दवाखाना गाठायचा. या मुलाला दोनदा ठसका लागला आणि तो रडू लागला, त्यानंतर श्वास नीट होता. तरीही पुढचे काही तास त्याच्या श्वासावर लक्ष ठेवायला हवं होतं. पूल चालूच राहिला, ही चूकच.

आता उन्हाकडे. सनस्क्रीन कमी पडतं ते दोन कारणांनी: पातळ थर आणि पुन्हा न लावणं. डबीवरचा एसपीएफ चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थरावर मोजलेला असतो. ५ वर्षांच्या मुलीची त्वचा सुमारे ०.७५ चौरस मीटर, म्हणजे एका वेळी १५ ग्रॅम. १८ महिन्यांच्या मुलाची सुमारे ०.५ चौरस मीटर, म्हणजे १० ग्रॅम. दोघांचे मिळून २५. दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर असं दिवसातून चारदा धरलं तर ५ दिवसांचे ५०० ग्रॅम! एवढं कोणी नेत नाही, म्हणून कोणी पुरेसं लावतही नाही. उपाय कपड्यांत आहे. लांब बाह्यांचा, गुडघ्यापर्यंतचा यूपीएफ ५० चा (ऊन अडवणाऱ्या कापडाचा) पोहण्याचा सूट आणि मानेवर पदर येणारी टोपी घातली की उघडी त्वचा साधारण तिसऱ्या हिश्शावर येते आणि दोघांना मिळून १६०-१७० ग्रॅम पुरतं. झिंक ऑक्साइडचं क्रीम घ्यावं. लहान त्वचेला ते सोसतं, आणि काही बेटांवर नियमही आहेत: हवाईमध्ये ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर २०२१ पासून बंदी आहे, पलाऊमध्ये २०२० पासून घातक ठरवलेल्या घटकांची यादीच आहे. सहा महिन्यांखालच्या बाळाला मात्र क्रीमच्या भरवशावर उन्हात नेऊच नये, सावली आणि कपडे हाच उपाय.

घड्याळ पुढे केलेल्या बेटावर ‘अकरा ते तीन ऊन टाळा’ हा सल्ला चुकतो, कारण तिथे सूर्य डोक्यावर येतो तो एकच्या पुढेमागे. सावलीकडे बघणं सोपं आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तोवर मुलांनी छपराखाली असावं. छत्रीखालीही वाळू आणि पाण्यावरून परतलेले किरण येतातच, म्हणून सूट सावलीतही अंगावर ठेवावा. बाबागाडीवर टाकलेल्या कापडाने आतली हवा कोंडते आणि तापते, अगदी पातळ कापडानेही. गाडीला छत्री लावावी किंवा हवा जाईल असं जाळीचं छत असावं.

दवाखाना आणि ओआरएस

तिसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मुलाला चार जुलाब झाले. वजन ११ किलो. दवाखाना पाण्यावरच्या व्हिलापासून दीड किलोमीटरहून लांब.

आईने ओआरएसची पाकिटं आणली होती, हे या प्रकरणातलं सगळ्यात शहाणपणाचं काम. पण मिसळताना अडचण आली. पाकीट १ लिटर पाण्याचं, आणि खोलीतली काचेची बाटली ७५० मिलिलिटरची. बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं असतं तर द्रावण तिसऱ्या हिश्शाने जास्त तीव्र झालं असतं, आणि जास्त मीठ लहान मुलाला अपाय करतं. घरून निघताना लिटरची खूण असलेली प्लॅस्टिकची बाटली सामानात टाकावी, किंवा २०० मिलिलिटरची छोटी पाकिटं आणि मोजपेला. बनवलेलं द्रावण २४ तासांनी फेकून द्यावं.

प्रमाण असं: दोन वर्षांखालच्या मुलाला प्रत्येक पातळ शीनंतर ५० ते १०० मिलिलिटर, त्यावरच्याला १०० ते २००. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्याने, आणखी सावकाश. मूल अस्वस्थ असेल, डोळे खोल गेले असतील, अधाशासारखं पाणी पीत असेल, तर शरीरातलं पाणी कमी झालं आहे. तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीप्रमाणे चार तासांत किलोमागे ७५ मिलिलिटर, म्हणजे या मुलाला सुमारे ८२५, आणि तेही डॉक्टरच्या नजरेखाली. दूध आणि जेवण बंद करायचं नाही. झिंक रोज २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस. जुलाब ‘थांबवणारं’ लोपेरामाइड लहान मुलाला देऊ नये. शीमध्ये रक्त, सहा तास लघवी नाही, मूल मलूल होऊन प्यायलाच तयार नाही, यातलं काहीही दिसलं तर थांबायचं नाही.

तापाच्या औषधातही असाच एक सापळा आहे. पॅरासिटामॉलचा एका वेळचा डोस किलोमागे १५ मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे या मुलाला १६५. पण सिरपची तीव्रता देशागणिक वेगळी असते. ५ मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असलेल्या सिरपचे हे ६.९ मिलिलिटर होतात, २५० मिलिग्रॅमवाल्याचे ३.३. घरच्या सवयीने ७ मिलिलिटर दिले आणि बाटली दुसरी असली, तर डोस दुप्पट होतो. सवयीचीच बाटली आणि सिरिंज सोबत न्यावी. दोन डोसांत किमान चार तासांचं अंतर, दिवसात चारपेक्षा जास्त नाहीत.

दवाखान्याबद्दल बुकिंगच्या वेळीच विचारायचे प्रश्न: डॉक्टर बेटावर मुक्कामी आहेत का, रात्री बोट निघते का, मुलांना दाखल करणारं रुग्णालय किती वेळावर आहे. प्रवासविम्यात बेटावरून रुग्णालयात हलवण्याचा खर्च धरलेला आहे का, ते पॉलिसीत स्वतः वाचावं.

जुलाब असलेलं मूल पुलात न्यायचं नाही, स्विम डायपर घालूनही नाही. तो डायपर घट्ट शी काही वेळ धरून ठेवतो, पातळ शी आणि जंतू नाही. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही काही दिवस जिवंत राहतो. त्याचं निदान झालं असेल तर जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पूल बंद. एरवीही दर तासाला डायपर पाहावा आणि तो काठावर न बदलता न्हाणीघरात बदलावा.

जुलाब कशाने झाले ते ठरवता आलं नाही. पुलाचं पोटात गेलेलं पाणी असेल, बुफेतलं काही असेल. बुफेत गरम पदार्थ ६० अंशांच्या वर आणि थंड ५ च्या खाली राहायला हवेत, आणि शेवटच्या अर्ध्या तासात नेमकं तेच सुटतं. मुलांना बुफे उघडताना न्यावं किंवा स्वयंपाकघरातून ताजं ताट मागवावं. मोठं रिसॉर्ट हे आनंदाने करतं, फक्त आदल्या दिवशी सांगावं लागतं. पावडरचं दूध पिणारं बाळ असेल तर पाणी उकळून, ७० अंशांच्या खाली जाण्याआधी पावडर मिसळायची आणि मग बाटली थंड करायची.

खोली बदलल्यावर

तिसऱ्या दिवशी दुपारी कुटुंबाने खोली बदलून घेतली. पाण्यावरचा व्हिला सोडून किनाऱ्यावरची साधी खोली मागितली की सहसा नकार मिळत नाही. फरकाची रक्कम परत मिळेलच असं मात्र नाही. नवी खोली जेवणघरापासून १८० मीटर, पुलापासून १००. त्याच दहा फेऱ्यांना आता सुमारे ३० मिनिटं लागू लागली. दिवसाला दोन तास सुटले.

खोलीत शिरल्याबरोबर पंधरा मिनिटं द्यावीत. एक जण मुलांना बाहेर धरून, दुसरा आत. पाळण्याच्या दांड्यांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, गादी चारही बाजूंना घट्ट बसायला हवी, उशी-पांघरुणाचा ढीग काढून टाकायचा. पाळणा पडद्याच्या दोऱ्यांपासून आणि एसीच्या थेट झोतापासून दूर. सरकत्या दाराला वरची कडी नसेल तर देखभाल विभागाकडून लावून घ्यावी. न्हाणीघरातलं नळाचं पाणी किती तापतं ते स्वतःच्या हाताने पाहावं. मिनीबारमधल्या बाटल्या, सुट्ट्या बॅटऱ्या, डासांच्या वड्या वरच्या फळीवर. डेंग्यू पसरवणारा डास दिवसा चावतो, त्यामुळे डास टाळायचं मलम सकाळीही हवं: दोन महिन्यांवरच्या मुलांना ३० टक्क्यांपर्यंतचं डीट (डास दूर ठेवणारं रसायन) चालतं, आधी सनस्क्रीन, त्यावर मलम, मुलाच्या तळहातांना नाही. लेमन युकॅलिप्टसचं तेल तीन वर्षांखाली वापरू नये.

चौथा दिवस असा आखला. सातला बुफे उघडताना नाश्ता. ८ ते ९.३० समुद्र. मग सावली. मुलीला १० ते ११.३० किड्स क्लब. साडेअकराला जेवण, १२.१५ ते २.१५ अंधाऱ्या खोलीत झोप. ४ ते ५.१५ पूल. ५.४५ ला मुलांचं ताट, सातला झोप. मुलाचे जुलाब आदल्या रात्री थांबले होते, तरी त्याला पूल दिला नाही. तो त्या वेळी वाळूत खेळला. पुढे केलेलं घड्याळ इथे कामाला आलं: बेटावरचे आठ म्हणजे प्रत्यक्षात सात, ऊन अजून कोवळं, आणि मुलाची झोप बरोबर डोक्यावरच्या उन्हात.

समुद्र सकाळी ठेवला तो भरतीमुळे. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. दुसऱ्या दिवशी ओहोटी ४.१० ला होती, म्हणजे चौथ्या दिवशी ती ५.५० च्या सुमारास, आणि सकाळची साडेपाचच्या आसपास. आठला पाणी चढत होतं. चढतं पाणी बाहेरून लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या भिंतीआतल्या उथळ पाण्यात, येतं. उतरतं पाणी प्रवाळाच्या भिंतीतल्या खिंडींतून बाहेर ओढतं, आणि खिंडीजवळ ती ओढ मोठ्या माणसालाही आवरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा जोर सगळ्यात जास्त, अष्टमीच्या सुमारास, म्हणजे भांगाच्या भरतीत, कमी. काही समुद्रांत भरतीचा फरक फुटभरही नसतो, तिथे वारा आणि लाटाच पाहायच्या. एक खबरदारी: भरतीचं कोष्टक सरकारी वेळेत असतं, बेटाच्या घड्याळात नाही. तासाचा फरक मिळवायला विसरलं तर चढतं पाणी समजून उतरत्या पाण्यात शिराल.

बावटे पाहावेत: लाल-पिवळा म्हणजे जीवरक्षकाच्या नजरेतला भाग, लाल म्हणजे पाण्यात जायचं नाही, जांभळा म्हणजे दंश करणारे जीव. मात्र शांत लगूनवर रिसॉर्ट जीवरक्षक ठेवतंच असं नाही. बावटाच नसेल तर ‘सुरक्षित’ असा अर्थ काढू नये. दोन्ही मुलांच्या पायात रबरी तळाचे पाण्यातले बूट हवेतच. प्रवाळाने खरचटलेली जखम साध्या वाहत्या पाण्याने आणि साबणाने बराच वेळ धुवावी. आत कण राहिले तर ती चिघळते.

किड्स क्लब साधारण तीन-चार वर्षांवरच्या मुलांना घेतात, आणि शी-शू सांगता येणं ही अट असते. मूल सोडण्याआधी विचारावं: मुलांना पाण्याजवळ नेता का, एका व्यक्तीकडे किती मुलं, मूल कोणाच्या सहीवर परत देता. समोर उघडा पूल दिसला आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं, तर मूल ठेवू नये. धाकट्यासाठी तासावर मिळणारी आया आदल्या दिवशी सांगावी लागते. मूल झोपवून, फोनवर कॅमेरा लावून दोघांनी जेवायला जाणं मात्र नको. वायफाय तुटलं की पडद्यावर शेवटचं चित्र गोठून राहतं आणि ते शांत झोपलेल्या मुलाचंच असतं. या जोडप्याने पाळीपाळीने एक-एक संध्याकाळ घेतली आणि उरलेली ओसरीवर काढली.

निघण्याच्या दिवशी खोली बाराला सोडायची होती आणि बोट चारला होती. मुलाच्या झोपेचेच ते तास. आदल्या दिवशी रिसेप्शनला सांगितलं तर दुपारपर्यंत खोली वाढवून मिळते किंवा दिवसापुरती दुसरी खोली मिळते. रिसॉर्ट भरलेलं असेल तर निदान निघणाऱ्यांसाठीचा थंड हवेचा कक्ष आणि न्हाणीघर मिळतं. मुलांचे कोरडे कपडे, जेवण आणि पाणी मोठ्या सामानातून वेगळं काढून ठेवावं, कारण बॅगा दोन तास आधीच जेट्टीवर जातात. आणि बोटीची वेळ लिहून घेताना ती बेटाच्या घड्याळाची की विमानतळाच्या, हे रिसेप्शनला विचारून त्याच कागदावर लिहावं.